राकेश खरातची मोकळी ओळ

पिंपळवंडीच्या राकेश खरातने आयुष्यात एकच मोठा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव त्याने 'संकलन' ठेवलं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या चाळीसेक गावांच्या दूध डेऱ्यांमध्ये तो रोज सकाळ-संध्याकाळ चालायचा. किटलीतलं दूध मापात पडायचं, मशीन फॅट सांगायचं, संगणकावर बसलेला माणूस सभासदाचा नंबर टाकायचा आणि चिटोऱ्याएवढी पावती बाहेर यायची. गावाचं संकलन आटोपलं की तीच माहिती टेलिफोनच्या तारेवरून जुन्नरला दूध संघाच्या ऑफिसात पोचायची. अकरा वर्षं हे असं चाललं. एवढ्या काळात हा प्रोग्रॅम कुणी लिहिला असं कुणी विचारलं नाही, आणि राकेशलाही ते कधी सांगावंसं वाटलं नाही.

मी जुन्नरला त्याच्याकडेच पहिल्यांदा संगणक शिकलो. आज कंपन्यांच्या नेटवर्कची राखण करणं हाच माझा धंदा आहे. त्यामुळे त्याच्या बाबतीत जे घडलं ते मला दोन्ही बाजूंनी समजतं, आणि समजून काही उपयोग होत नाही.

राकेशचे वडील भागुजी गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. आई बनाबाई एक म्हैस सांभाळायची आणि बाकीचा दिवस दुसऱ्यांच्या कांद्यात. बारावीनंतर राकेश रोज एसटीने जुन्नरला यायचा. बाजारपेठेच्या एका बोळात, कापडाच्या दुकानाच्या माडीवर संगणकाचा क्लास होता, तिथे तो शिकला आणि पुढे तिथेच शिकवायला लागला. सत्त्याण्णव साली दूध संघाने त्याला डेटा एन्ट्रीला घेतलं. गावागावांहून येणारे कागद बघून तो उतरवून घ्यायचा. कागद उतरवता उतरवता त्याने स्वतःच्या डोक्याने 'संकलन' लिहिला. तो चांगला आहे हे संघाला कळायला वर्ष गेलं. मग तो सगळीकडे बसवण्यात आला.

स्वभावाने तो फार जपून वागणारा होता. गावच्या कार्यक्रमात कुठे बसायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. कुणी सांगायच्या आत त्याने उभं राहायची जागा हेरलेली असायची. मोठ्याने हसलेला मी त्याला क्वचित पाहिला. संगणकासमोर मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा. बाही वर सरकवून, मान जराशी तिरकी करून असा बसायचा की हे घर त्याचं आहे असं वाटावं.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात संघाने एका बँकेशी करार केला. दुधाचे पैसे थेट शेतकऱ्यांच्या खात्यात जाणार होते. बँकेची अट एकच होती. बँकेच्या तारेला जोडलेल्या ऑफिसात नव्या पद्धतीची फायरवॉल हवी आणि तिच्यातून कुठलाही अनोळखी प्रोग्रॅम आत यायला नको. फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावर बसवलेली एक पेटी. येणारं-जाणारं सगळं तिच्यातून जातं आणि कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं ते ती ठरवते. ही पेटी घेऊन पुण्याहून वृषाली नावाची इंजिनिअर आली. वयाने लहान, बोलायला सरळ.

बसवल्यावर पहिले आठ दिवस तिने पेटीला नुसतं बघायला लावलं, अडवायला नाही. नवव्या दिवशी तिने राकेशला स्क्रीनसमोर बोलावलं. ब्राउझर, ईमेल, अँटिव्हायरस, प्रत्येकासमोर पेटीने नाव लिहिलं होतं. 'संकलन'च्या प्रत्येक ओळीसमोर एकच शब्द होता: अनोळखी.

राकेशने तिला सांगितलं की 'संकलन'साठी एक ठरलेलं पोर्ट आहे, तेवढं उघडं ठेवलं की झालं. पोर्ट म्हणजे दार. पूर्वीच्या फायरवॉल दारावरूनच ओळखायच्या. वेबसाइटचं दार वेगळं, ईमेलचं वेगळं, आणि जो ज्या दाराने आला तो त्या नावाचा. पण पुढे चोरही नेमके उघड्या दारानेच यायला लागले. म्हणून नवी पेटी दाराकडे बघत नाही, बोलणं ऐकते. एसटीत शेजारी बसलेला पावणा दोन वाक्यं बोलला की नगरकडचा की कोकणातला ते आपल्याला कळतं, तसं. जगभरातले शेकडो प्रोग्रॅम बोलायला सुरुवात कशी करतात ते पेटीला कारखान्यातच शिकवलेलं असतं. एखाद्या संस्थेने स्वतःपुरता लिहिलेला प्रोग्रॅम मात्र तिने कधी ऐकलेलाच नसतो. तो तिला हाताने शिकवावा लागतो. त्यासाठी लागते एकच गोष्ट: त्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक निरोपात, कुठल्याही गावाहून आला तरी, न बदलणारा एखादा शब्द. निदान सात अक्षरांचा. तो शब्द पेटीला दिला की पुढे ती म्हणते, हा आपला.

"तुमचा प्रत्येक निरोप कशाने सुरू होतो, सर?" वृषालीने विचारलं.

राकेशने माउस तिच्याकडे सरकवला. तिने मग तारेवरून येणारे निरोप आहेत तसे स्क्रीनवर उघडले. ओझरहून आलेला निरोप विघ्नहराच्या नावाने सुरू होत होता. त्याखालचा भैरवनाथाच्या. त्याखाली मुक्ताई, मग मल्हारीचा जयजयकार, मग आणखी एका गावची आई. नावापुढे नुसते आकडे: सभासद, लिटर, फॅट. आकडे तर दर निरोपाला वेगळे.

संघाचे मॅनेजर हौशीराम पाठीमागे उभे होते. ते म्हणाले, "एवढे देव आलेत दारात, आन् तुझी पेटी म्हनती अनोळखी? लई मोठ्या घरची दिसती."

वृषाली हसली. राकेश नाही हसला. त्याला अठ्ठ्याण्णव सालची ती मीटिंग आठवली होती.

आपल्याकडे कुठल्याही कागदाच्या डोक्यावर देवाचं नाव घालायची रीत आहे. लग्नपत्रिका असो की किराणाची यादी. 'संकलन'ची पावती संचालकांना दाखवली तेव्हा पहिला प्रश्न तोच आला, की वर नाव कुठंय. कुणी म्हणालं विघ्नहर घाला, अष्टविनायकातला आहे, सगळ्यांना चालेल. आंबेगावकडच्यांनी विचारलं, आमच्याकडे काय देव नाहीत का. अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात एक संचालक राकेशकडे बघून म्हणाले की ह्याला तरी काय, हा कुठला घालणार म्हना. सगळे हसले. राकेशही जरासा हसला, आणि घरी येऊन त्याने पहिली ओळ मोकळी ठेवली. ज्या गावाला जे वाटेल ते त्याने तिथे लिहावं. संघाचं नाव त्याने वर घातलं नाही, कारण देवाच्या जागी त्याने संघ बसवला असं कुणी म्हणायला नको. पावती आणि निरोप हा एकच मजकूर होता, म्हणून तीच ओळ तारेवरूनही सगळ्यांत पुढे जायची. कुणाचीच तक्रार आली नाही. त्याला वाटलं आपण शहाणपण केलं.

आता पेटीला हवा होता एकच न बदलणारा शब्द, आणि अख्ख्या प्रोग्रॅममध्ये तेवढाच नव्हता.

वृषालीने हात टेकले नाहीत. तिने प्रत्येक गावाचं नाव वेगळं शिकवायला घेतलं. काही नावं इतकी छोटी होती की सात अक्षरं भरेनात. तरी ओढूनताणून बहुतेक गावं स्क्रीनवर ओळखीच्या हिरव्या रंगात आली. मग नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी गावोगावच्या ऑपरेटरांनी, दरवर्षीप्रमाणे, पहिल्या ओळीत आपापल्या देवीचं नाव घातलं, आणि एका सकाळीत निम्मी गावं पुन्हा अनोळखी झाली.

आता एकच उपाय उरला. 'संकलन'मध्येच बदल करायचा. देवाच्या ओळीच्या आधी सगळीकडे सारखा असा एक खुणेचा शब्द घालायचा. तो तारेवर जाईल, पावतीवर छापला जाणार नाही. लिहायला हे एका दुपारचं काम होतं. पण बदल प्रत्येक गावाच्या संगणकावर जाऊन करावा लागणार होता. बँकेचा माणूस दिवाळीनंतर तपासणीला येणार होता. तोवर 'संकलन'ची ओळख पटली तर तो राहील, नाही तर संघ तयार सॉफ्टवेअर विकत घेईल, असं हौशीरामांनी स्पष्ट सांगितलं. राकेशची नोकरीही 'संकलन'लाच बांधलेली होती. पण मला वाटतं त्याला नोकरीची तेवढी फिकीर नव्हती. तो एकदा मला म्हणाला होता की म्हातारीला पावतीवरचा आकडा वाचता येत नाही, पण ती पावती देवाच्या फोटोमागं खोचती, मी छापलीय म्हणून. बनाबाईच्या घरातला फोटो बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा होता. तो देव म्हणाला ते बोलण्याच्या भरात.

मोटरसायकलवर सीडी घेऊन तो फिरायला लागला. पहिली काही गावं सुरळीत झाली. पेटीवर त्यांच्यासमोर 'संकलन' असं हिरवं नाव उमटायला लागलं. वृषालीने त्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो कळंबच्या स्टँडवर होता. त्याने गाडी बाजूला घेऊन दोनदा विचारलं, आपलं नाव लिहून येतंय का म्हणून.

मग ते गाव आलं. नाव सांगण्यात अर्थ नाही, कुठलंही असू शकलं असतं. तिथल्या संगणकावर छपाईची फाइल नवी बसली, पण मजकूर तयार करणारी फाइल जुनीच राहून गेली होती. छपाईच्या नव्या फाइलला त्याने सांगितलं होतं की पहिली ओळ छापू नको, कारण पहिली ओळ म्हणजे खुणेचा शब्द. जुन्या फाइलच्या मजकुरात पहिली ओळ म्हणजे देव. त्या सकाळच्या पावत्या देवाच्या नावाशिवाय निघाल्या. राकेश तिथेच होता. त्याच्या लक्षात आलं, त्याने ते सुधारलं, पण तोवर पंधरा-वीस किटल्या आणि त्यांच्या पावत्या घरोघर गेल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत बातमी गेली. खरातानं देव काढला. आधी एका गावात, मग डेरीच्या टेम्पोबरोबर पुढच्या गावात, मग बाजारात. ह्यांना आपले देव चालत न्हाईत, ठाव न्हाई का, असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं. ते ऐकणाऱ्यात राकेशचा वर्गमित्रही होता, आणि तोही काही बोलला नाही. पुढच्या गावी राकेश पोचला तर डेरीला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या गावी गोरख नावाचा ऑपरेटर होता. चांगला पोरगा, राकेशच्याच हाताखाली शिकलेला. तो बाहेर आला, गाडीजवळ उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमी नका येऊ आत. सीडी द्या, आमी टाकतो."

राकेशने सीडी दिली. गोरखने ती टाकली, पण पुढची पायरी त्याला जमली नाही. फोनवर विचारायचीही त्याला लाज वाटली असावी. ते गाव अनोळखीच राहिलं.

चार दिवसांनी चेअरमन भगवंतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हौशीराम होतेच. भगवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. तुझ्या मनात काय होतं ते मला विचारायचं नाही, म्हणाले.

राकेश म्हणाला, "साहेब, ती ओळ मीच ठेवली व्हती. काढायचीच असती तर अकरा वर्सं ठिवली असती का?"

"हे मला पटतंय रं," भगवंतराव म्हणाले. "पन गावात हे कोन सांगनार? तू?"

 संघाची निवडणूक तोंडावर आली होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. हौशीरामांनी एक तोडगा काढला. राकेशने गाडीवर मागे बसावं, गावात गोरखने मशीनला हात लावावा, राकेशने बाहेरून सांगावं. मला नंतर हे कळलं तेव्हा माझं डोकं तापलं. राकेश मात्र लगेच हो म्हणाला होता. स्वतःच्याच प्रोग्रॅमजवळ बाहेर उभं राहायला तो तयार झाला. एवढं करूनही त्याचा उपयोग झाला नाही. कारण तयार सॉफ्टवेअरची ऑर्डर संचालकांनी आदल्याच दिवशी देऊन टाकली होती आणि ते सांगायचा धीर त्या खोलीत कुणाला झाला नाही. चहा पिऊन तो बाहेर आला. ऑर्डरची गोष्ट त्याला दोन दिवसांनी कारकुनाकडून कळली.

नवं सॉफ्टवेअर दिवाळीत बसलं, आणि त्याच दिवसापासून वृषालीने पेटीला अनोळखी ते अडवायला लावलं. पेटीने ते पहिल्या सकाळीच नावानिशी ओळखलं. मोठ्या कंपनीचं होतं, कारखान्यातच शिकवलेलं. त्याच्या पावतीवर वर देवासाठी ओळ नव्हती. कंपनीचं चिन्ह होतं. त्याबद्दल एकाही गावाने चकार शब्द काढला नाही.

वृषाली जाताना राकेशला भेटली. तिला वाईट वाटलं होतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती सर, असं ती म्हणाली. राकेशने तिला स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत तो तिला एवढंच विचारत होता की एखाद्या प्रोग्रॅमला पेटीने अनोळखी ठरवलं की नक्की काय होतं, ती त्याला दारातच थांबवते का. वृषाली म्हणाली, नाही. ऐकल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून पेटी सुरुवातीला दार उघडते, हातमिळवणी होऊ देते, पहिली एक-दोन वाक्यं ऐकून घेते. मग ठरवते आणि गुपचूप तार तोडते. समोरच्याला कळतसुद्धा नाही.

हे ऐकून राकेशला स्वतःचाच प्रोग्रॅम आठवला. 'संकलन' लिहिला तेव्हा तारा वरचेवर तुटायच्या, फोनचं बिल यायचं, म्हणून पलीकडून पोच येण्याची वाट बघायचं काम त्याने त्यात ठेवलंच नव्हतं. हातमिळवणी झाली, मजकूर तारेवर टाकला की स्क्रीनवर यायचं: पाठवले.

आणि डिंभे धरणाच्या पलीकडच्या एका वाडीत 'संकलन' अजून चालू होता. तिथला संगणक नव्या सॉफ्टवेअरला जुना पडत होता. कंपनीने तिकडे माणूस पाठवलाच नाही. हे केंद्र खालच्या गावाला जोडायचं ठरलं होतं, पण वाडीला ते कुणी कळवलं नव्हतं. दूध टेम्पोत जात होतं, नोंद कुठेच होत नव्हती. ऑफिसात त्याची चौकशी करणं आता राकेशचं काम राहिलं नव्हतं. त्याला महिनाअखेर मोकळं करणार होते. चाकणच्या एका गोदामात बारकोड मारायची नोकरी त्याने बघून ठेवली होती. तरी एका सकाळी तो गाडी काढून घोडेगावमार्गे वाडीवर गेला.

वाडीतली डेरी म्हणजे झुंबरबाईंच्या पडवीतलं एक टेबल. झुंबरबाईंनी त्याला ओळखलं. त्यांच्यापर्यंत बाजारातली गोष्ट पोचलेली नव्हती. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं आणि तक्रार केली की पैसं अजून न्हाई आलं, पोरं इचारत्यात. मशीन तर बरोबर चालतंय.

"रोज पाठवतीय की मी. हे बघ," म्हणून त्यांनी स्क्रीन दाखवला. वर वाडीच्या देवीचं, वरसूबाईचं नाव, खाली वाडीचं सगळं दूध, आणि तळाला तेच: पाठवले.

"मावशी, ते तिकडं पोचत न्हाई," राकेश म्हणाला.

"मग कुठं जातंय?"

"कुठंच न्हाई."

झुंबरबाईंना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, हे तर म्हनतंय पाठवलं. राकेशने त्यांना समजावून बघितलं. पेटीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, आणि मध्येच थांबला. त्याने राहिलेल्या सगळ्या दिवसांची माहिती सीडीवर उतरवून घेतली. ऑफिसात ती नव्या सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही, कुणाला तरी बसून पुन्हा टाकावी लागेल, आणि ते कुणी करेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. उद्यापासून दुधाची नोंद खालच्या गावी करा, असं त्याने झुंबरबाईंना सांगितलं. खालचं गाव तासाच्या वाटेवर होतं.  त्या दूध तापवायला आत गेल्या.

'संकलन' काढून टाकायला दोन मिनिटं लागणार होती. राकेश टेबलाशी बसला, बाही वर सरकवली. सकाळचं वाडीचं दूध अजून स्क्रीनवर होतं. ते कुठे जाणार हे त्याच्याएवढं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने पाठवा दाबलं. फोनच्या तारेत नेहमीची खरखर झाली, पलीकडे कुणीतरी दार उघडलं, हात मिळवला, वरसूबाईचं नाव ऐकून घेतलं.

स्क्रीनवर आलं: पाठवले.

मग त्याने मशीन बंद केलं.